सीतादही (कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा) झालं, आता लेकरू कोणाजवळ ठेवू?

पत्र: ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २३. पहिलीच मुलगी, चार महिन्यांची. बाळंतपण माहेरी झालं, वर्धा जिल्ह्यात, सरकारी दवाखान्यात, साधं. घरी तीन एकर कोरडवाहू, पिवळं राशन कार्ड. हे गवंड्याच्या हाताखाली जातात, बांधकाम कामगाराचं कार्ड आहे, त्यावर भांडी मिळाली होती. सासूबाई निंदण-वेचाईला जातात. फायनान्सचा दर मंगळवारी ६५० रुपयांचा हप्ता आहे. आता कापसाची वेचणी सुरू झाली. सासूबाई म्हणतात, चार महिने झाले, आता वावरात चाल. किलोला १० रुपये भाव आहे, लग्नाआधी मी दिवसाला ४० किलो वेचत होते. लेकरू कोणाजवळ ठेवू? अंगणवाडीत विचारलं तर तीन वर्षांची झाली की आण म्हणाल्या. जाऊबाईची पोरगी नऊ वर्षांची आहे, ती सांभाळेल असं घरचे म्हणतात. पहिल्या बाळंतपणाचे ५,००० मिळतात म्हणे. माहेरच्या आशाताईनं पाचव्या महिन्यात फॉर्म भरला होता, काहीच कळलं नाही. इथला एक जण म्हणतो, ५०० दे, करून देतो. लाडक्या बहिणीचे पैसे माझ्या शाळेच्या वेळच्या खात्यात येतात, पासबुक बाबांजवळ आहे. आणि मुलीचं नाव अजून ठेवलं नाही. दाखल्यावर नाव नसलं तर चालतं का?

उत्तर:

अगं बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडत. लेकरू कोणाजवळ ठेवू याचं उत्तर देतेच, पण आधी हा हिशेब बघ.

४० किलोचे ४०० रुपये. पण ते लग्नाआधीचे ४० किलो, तेव्हा धुऱ्यावर कोणी रडत नव्हतं. चार महिन्यांचं लेकरू दोन-अडीच तासांनी दूध मागतं. त्याला वावरात नेलंस तर संध्याकाळी काट्यावर तुझं गाठोडं २० किलोला टेकलं तरी खूप. मी सत्तावीस वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून तुमच्याच बाजूची खेडी फिरले. ओल्या बाळंतिणीचं गाठोडं दुरून ओळखू यायचं, सगळ्यांत लहान ते तिचं.

आता दुसरी बाजू. पहिल्या बाळंतपणाचे ५,०००. मुलगी झाली आणि कार्ड पिवळं, म्हणून लेक लाडकी योजनेचा पहिला हप्ता ५,०००. नवरा नोंदणी केलेला बांधकाम कामगार, म्हणून साध्या बाळंतपणाचे १५,०००. कार्ड पिवळं आणि सरकारी दवाखान्यात बाळंत झालीस, म्हणून जननी सुरक्षा योजनेचे ७००. झाले २५,७००. तुझ्या पूर्ण ४० किलोच्या भावानं ही ६४ दिवसांची वेचाई आहे. आणि ६४ दिवसांनी तुझी लेक सहा महिन्यांची होऊन वर चार दिवस झालेले असतील. सहा महिने म्हणजे जिथपर्यंत तिला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही. म्हणजे सासूबाई ज्या दिवसांसाठी तुला वावरात बोलावताहेत, त्या दिवसांची मजुरी तुझ्या नावावर आधीच लागलेली आहे. फक्त ती काट्यावर मिळत नाही, कागदावर मिळते. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखव, माझं नाव सांगून.

हा पैसा उद्या हातात येणार नाही, हे मलाही कळतं. मंगळवार तर दर आठवड्याला येतो. त्याचं पुढे सांगते. आधी कागद.

मातृवंदना योजनेपासून, म्हणजे पहिल्या बाळंतपणाच्या पैशांपासून सुरू करू, कारण त्यातली एक गोष्ट मला तुझ्या पत्रातच सापडली. हे ५,००० दोन हप्त्यांत येतात. गरोदरपणाची नोंद आणि पहिल्या सहा महिन्यांत निदान एक तपासणी झाली की ३,०००. मुलाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. पैसा चेकनं येत नाही, तू दिलेल्या खात्यात येईलच असंही नाही. तुझं आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं, तिथं तो जातो. लाडक्या बहिणीचे पंधराशेही त्याच वाटेनं येतात. मग मला सांग, ते शाळेच्या वेळच्या खात्यात पडतात तर मातृवंदनेचे कुठं पडणार? माहेरच्या आशाताईनं पाचव्या महिन्यात फॉर्म भरला होता. तो पास झाला असेल तर तुझे ३,००० त्या शाळेच्या वेळच्या खात्यात कधीचे येऊन बसले असतील. बाबा दर महिन्याला पंधराशे काढतात, उरलेलं कोण बघतं? पासबुक कधी भरून घेतलं होतं ते त्यांना विचार. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, एका पोरीनं वर्षभर आशाताईशी अबोला धरला होता, पैसे खाल्ले म्हणून. पासबुक मशीनमध्ये घातलं, कर्रकर्र करत दोन ओळी छापून आल्या, आणि पोरगी बँकेतच खाली बसली. मग माफी मागायला साडी घेऊन गेली होती.

तेव्हा आधी फोन करून बाबांना पासबुक भरून आणायला सांग. पैसे आलेले नसतील तरी वेळ गेलेली नाही. पहिल्या लेकरासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांपर्यंत अर्ज चालतो, म्हणजे लेकरू साधारण साडेनऊ महिन्यांचं होईपर्यंत. तुला अजून पाचेक महिने आहेत. माहेरचं माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या आशाताईला नेऊन दाखव. मुलीच्या लसी माहेरी झाल्या असतील तर इथं त्यांची नोंदच नसेल. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि सगळे कागद सासरी, यात निम्म्या बायांचे हप्ते अडकतात. कार्डावर तुझं नाव माहेरचं, आधारवर सासरचं असं असेल तर तेही आत्ताच सांग, नंतर फॉर्म परत येतो.

आणि ते ५०० वाले गृहस्थ. फॉर्म फुकट आहे. भरायचं काम आशाताईचं आहे. त्याला सांग, पैसे आले की चहा पाजते.

बांधकामाच्या १५,००० कडे मात्र नवऱ्यालाच जावं लागेल. खेड्यात या कार्डाला सगळे भांडीवालं कार्डच म्हणतात. पेटारा मिळाला, कुकर मिळाला, कार्ड फळीवर गेलं. त्याच बांधकाम कामगार मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराच्या बायकोला साध्या बाळंतपणाचे १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या बाळंतपणाचे २०,००० मिळतात, पहिल्या दोन लेकरांपर्यंत, हे कितीकांना ठाऊकच नसतं. यात अट एकच महत्त्वाची: नोंदणी जिवंत हवी. ती दरवर्षी नवी करावी लागते आणि त्यासाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. भांडी मिळाल्यावर नूतनीकरण केलं होतं का, हे आज रात्री जेवताना विचार. केलं असेल तर बाळंतपणाचा दवाखान्याचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, आधार, राशन कार्ड आणि पासबुक घेऊन त्यांना तालुक्याला पाठव. इथं दलालांची फार गर्दी असते, अर्धे आधी द्या म्हणणारेही भेटतील. नवऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडेल. बुडू दे, तो त्यांच्याही लेकरासाठीच आहे.

लेक लाडकी तुझ्या अंगणवाडीतूनच होते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, घरात पिवळं किंवा केशरी कार्ड, आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००, आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे मिळून १,०१,०००. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, त्याला आठ-पंधरा दिवस धर. पुढच्या हप्त्यांना कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला मागतात, हे आत्ताच कानावर असू दे. ती शस्त्रक्रिया पुरुषालाही करता येते. किंबहुना त्याची सोपी असते, पण आपल्याकडे हे वाक्य ऐकलं की सगळे पुरुष अचानक बैल सोडायला जातात.

जननी सुरक्षेच्या ७०० चं बाळंत झालीस त्या दवाखान्यातच विचारायचं. जन्मदाखला आणायला जाशील तेव्हा ते काम उरकून घे. वेगळी फेरी घालायची गरज नाही. एसटीत बाईला अर्धंच तिकीट आहे.

आता मंगळवार.

६५० रुपये म्हणजे एका धडधाकट वेचणारीचे दीड-पावणेदोन दिवस. सासूबाई आठवड्याचे सहा दिवस जातात. त्यांनी चार दिवस जावं, दोन दिवस घरी लेकराजवळ राहावं, आणि त्या दोन दिवशी तू जा. तेही दिवसभर नाही. सकाळी लेकीला पोटभर पाजून नऊला, दव उतरल्यावर निघ. वावर गावालगतचं धर, कोसभर लांबचं नको. बारा वाजता सासूबाई शिदोरी घेऊन येतील तेव्हा शिदोरीबरोबर लेकरूही येऊ दे. दुपारी पाजून परत पाठव आणि तीनला तू घरी ये. यात तुझे २०-२५ किलो होतील, पण लेकरू झाडाखाली एकटं नसेल. दोन दिवसांत हप्त्यातले चारशे-पाचशे निघाले, राहिलेले नवऱ्याच्या रोजातून. त्यातही ओढाताण झालीच तर बचत गटातून तेवढ्यापुरती उचल घे, कागदाचे पैसे आले की फेड. पण हा हप्ता फेडायला दुसऱ्या फायनान्सचा हप्ता लावू नको, कितीही गोड बोलून कोणी ओट्यावर बसलं तरी.

तू नसताना लेकरू रडलं तर? जाताना दूध काढून ठेवता येतं. हात साबणानं धू, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढ, झाक, आणि माठाशेजारी सावलीत ठेव. तीन तासांच्या आत ते वाटी-चमच्यानं पाजायचं, उरलं तर फेकायचं. बाटली नको. खेड्यात ती उकळली जात नाही, आणि तिच्यासारखी हगवण दुसरं काही लावत नाही. गाईचं दूध, साखरपाणी, गुटी, मध यातलं काहीही सहा महिन्यांपर्यंत नको. सासूबाईंनी तुझ्या नवऱ्याला गुटी दिली होती आणि तो गवंडीकाम करण्याइतका दणकट झाला, हे मला माहीत आहे. त्यांच्याशी वाद घालू नको. म्हणावं, ताईनं सहा महिने थांबायला सांगितलंय. आणि लेकरू झोपून राहावं म्हणून औषधाच्या दुकानातलं खोकल्याचं औषध चमचाभर पाजणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं लेकराचा श्वास मंदावतो. हे कोणीही, कितीही प्रेमानं सुचवलं तरी नाही म्हण.

जाऊबाईच्या पोरीचं. नाही. नऊ वर्षांच्या पोरीला चार महिन्यांचं लेकरू उचलताना त्याची मान सावरता येत नाही. लेकरू गिळता गिळता निळं पडलं तर काय करायचं हे तिला कळत नाही. तिची शाळा वेचणीच्या दोन महिन्यांत जी सुटते ती होळीपर्यंत सुटते, आणि मग कायमची. मी पटावर अशी नावं बघितली आहेत. कार्तिकात गैरहजर, पौषात गैरहजर, माघात नाव लाल शाईनं कापलेलं. शाळेतून आल्यावर तासभर ती झोका देऊ दे, मोठं माणूस घरात असताना. तेवढंच.

बाभळीला लुगड्याची झोळी बांधून लेकरू वावरात ठेवतात, तुझ्या आजीनंही ठेवलं असेल. तेव्हाचं वावर वेगळं होतं. आता कपाशीवर फवारे होतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली, तुझ्या चार महिन्यांच्या लेकीचं वजन पाच-सहा किलो. आपल्या नाही तर शेजारच्या वावरात फवारणी चालू असली तरी त्या दिवशी लेकरू नेऊच नये. दुपारी पाजताना आधी हात आणि छाती साबणानं धू, वेचणीचं लुगडं-शर्ट बदल किंवा वरून स्वच्छ ओढणी घे. औषधाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी नेणारे अजूनही दिसतात. तुझ्या घरी तसला कॅन असेल तर त्याला आज भोक पाड. झोळी बांधलीच तर जमिनीपासून हातभर वर, कुंपणाच्या काडीकचऱ्यापासून लांब, आणि नजर पोचेल अशा ठिकाणी. विंचू-सापाचं तुला मी काय सांगू.

हे झालं सहा महिन्यांपर्यंतचं. खरा प्रश्न त्यानंतर आहे. तेव्हा लेकरू रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि आईही पूर्ण दिवस जायला लागते.

अंगणवाडीताईनं तुला खोटं सांगितलं नाही, पण अर्धं सांगितलं. तिथं बसवून शिकवतात आणि गरम जेवण देतात ते तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना, तेही चार-एक तास. मात्र तुझ्यासाठी, पाजणारी आई म्हणून, लेक सहा महिन्यांची होईपर्यंत पोषण आहार तिथून मिळायला हवा. सहा महिन्यांनंतर तो लेकीच्या नावानं घरी न्यायचा, तीन वर्षांपर्यंत. दर महिन्याला वजन करून ते कार्डावर लिहून घ्यायचं. आहाराची पाकिटं शेळीला घालतात हे मला ठाऊक आहे. थोडा गूळ आणि तेल टाकून शिजवून बघ, मग शेळीचं बघू.

अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची केंद्राची योजना आहे, नावच पाळणा. सहा महिने ते सहा वर्षांची, काम करणाऱ्या आयांची लेकरं, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे वेचणीच्या बाईला हवं तेच. ती सगळ्या गावांत नाही. तुमच्या तालुक्यात कुठं मंजूर आहे हे पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे कळतं. एकटी विचारायला गेलीस तर शिपाई बाहेरच उत्तर देईल. दहा-बारा आयांच्या सह्यांचा अर्ज घेऊन गेलात तर तो आवक नोंदवहीत चढतो, आणि त्याची पोच मागून घ्यायची असते.

ते होईपर्यंत गावातच काहीतरी उभं करता येतं. हे मी कल्पनेनं सांगत नाही. नव्वदच्या दशकात माझ्या बीटमधल्या एका पाड्यावर कंबर धरलेली एक आजी होती. तिला वाकून वेचता येत नव्हतं, तिच्या ओसरीवर पाच आया लेकरं सोडून जात. भिंतीवर कोळशानं पाच उभ्या रेघा, प्रत्येक आईची एक. लेकरू आलं की रेघेला आडवी काडी. आठवडी बाजाराच्या दिवशी काड्या मोजून प्रत्येक आई तिला तेवढ्या काड्यांचे पैसे देई, नाहीतर तेवढ्या वेळची ज्वारी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक लेकरू तिच्या मांडीवर, दोन झोळीत, एक भिंतीला धरून उभं, आणि पाचवं तिच्या चंचीतली सुपारी शोधत होतं. सुपारी मी वर ठेवायला लावली. बाकी बदलण्यासारखं फार नव्हतं.

आजच्या भावात दर लेकरामागे दिवसाला ५० रुपये म्हटले तर पाच आयांचे २५० होतात. वेचता न येणाऱ्या बाईला घरी बसून तेवढे मिळाले तर ती नाही म्हणायची नाही, आणि तुमचे प्रत्येकीचे पाच किलो जातील, पस्तीस राहतील. एका बाईजवळ रांगती लेकरं तीनापेक्षा जास्त नकोत, पाच असली तर जोडीला आणखी एक हात हवा. मग आया पाळीनं एक-एक दिवस थांबा. चूल आणि पाण्याची टाकी आडोशाला हवी, आणि आईचा किंवा मुकादमाचा फोन नंबर भिंतीवर, कोळशानं का होईना. सतरंजी, पाळणा, पंखा यांच्यासाठी ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावात घरपट्टीच केवढी, पण सतरंज्या निघतात त्यात. दरवर्षी हा पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत एखादीनं उभं राहून विचारलं तरी बरंच काम होतं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही हेच होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं आली की त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला लावायचं, आणि तिला मजुरी द्यायची. कामावर कोणी आपणहून सांगत नसे, मागावं लागे.

गावातल्या साध्या बाईला लेकराचं काय कळणार, असं म्हणणारे भेटतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना तान्ह्या बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, बेचाळीस दिवसांत सहा वेळा, त्याची सुरुवात आपल्याच विदर्भातल्या त्या गावांतून झाली. तुझे बेचाळीस दिवस माहेरी गेले. पण तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही तिनं यायचं असतं. सासरच्या आशाताईला तुझ्या लेकीचा पत्ताच नसेल, तू जाऊन सांग.

लेकरू आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. १०२ लाव, जीवावरचं असेल तर १०८. दूध ओढत नाही, अंग थंड पडलंय, श्वास मिनिटाला पन्नासच्या वर चाललाय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही आणि भगताकडे जायचं नाही. दवाखान्याच्या वाटेत भगताचं घर लागलं तर सासूबाईंना तिथं उतरू दे, गाडी पुढे ने.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या काही जणी जिनिंगमध्ये किंवा एमआयडीसीत कामाला असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात वर्षभरात ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघरही. ठेकेदार म्हणेल, तू माझी नाहीस, कंपनी म्हणेल, तू आमची नाहीस. हजेरीचा कागद, पगाराची नोंद, जे मिळेल ते सांभाळून ठेवा.

आणि नावाचं. दाखल्यावर नाव नसलं तरी जन्माची नोंद खरीच असते. वर्षाच्या आत नाव बिनपैशानं घालता येतं, त्यानंतर दंड भरून. फक्त ते जिथं जन्म झाला तिथंच घालायचं, म्हणजे तुझ्या माहेरच्या दवाखान्यात. तेव्हा तिकडं जायच्या आधी नाव ठरवून जा. एकाच फेरीत दाखला, नाव, ७०० रुपयांची चौकशी आणि बाबांजवळचं पासबुक, चारही कामं होतील. दाखल्याच्या पाच-सहा प्रती तिथंच काढून घे, तालुक्यात झेरॉक्सवाला वीज नाही म्हणतो. आणि स्पेलिंग सांगताना कागदावर लिहून दे, बोलून नको. माझ्या स्वतःच्या लेकीच्या दाखल्यावर अजून एक काना जास्त आहे.

नाव काय ठेवलंस ते कळव.